कडेची माणसं

दुकानदाराने तिसरी लेन्स खोक्यातून काढून काउंटरवर ठेवली, तेव्हा तिने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते. दहापासून ती दोघं इथे उभी होती. दुकानात बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर जुन्या फ्लॅशगनचा ढीग रचलेला होता. गिऱ्हाइकाने बूड टेकू नये अशीच दुकानदाराची इच्छा दिसत होती.

तिच्या नवऱ्याला कसलीच घाई नव्हती. त्याने लेन्स उचलली, पुढच्या फुगीर काचेला बोट लागणार नाही अशा बेताने फिरवून पाहिली, डोळ्यांजवळ नेली, मग हात लांब करून पाहिली. भाजी आणायला पाठवलं तर हा माणूस पाच मिनिटांत हाताला लागेल ते घेऊन परत येतो, आणि इथे दीड तास झाला तरी त्याचं समाधान होत नव्हतं. तिचे पाय भरून आले होते.

"मास्तर, एक सांगू का," दुकानदार म्हणाला. "फिशआयला सरळ काही कळतच नाही. दार वाकडं, भिंत वाकडी, माणूस वाकडा. आणि तुम्ही पडलात ओळंबा."

ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायची गवंड्याची दोरी, हे त्याचं शाळांमधलं नाव. तीस वर्षं तो शाळांचे ग्रुप फोटो काढत आला होता, आणि रांग बोटभर जरी वाकली तरी त्याला चैन पडत नसे. मागच्या रांगेतला चौथा अर्धं पाऊल मागे, पुढच्या खुर्चीवरच्या बाई जरा डावीकडे, असं करत करत तो माणसांची भिंत उभी करायचा. कुणा इरसाल पोराने कधीतरी ते नाव ठेवलं आणि ते एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जात राहिलं. आता तर कॅमेऱ्याच्या बाजारातही ते सगळ्यांना माहीत होतं. त्याला त्याचा राग नव्हता. उलट मनातून आवडत असावं, असा तिचा संशय होता.

आणि हा माणूस आता वाकडी लेन्स घ्यायला निघाला होता. आठ दिवसांपूर्वी जेवताना ताटाकडे बघत तो म्हणाला होता की जरा क्रिएटिव्ह फोटोग्राफी करावी म्हणतो. तिला आधी थट्टाच वाटली. मग त्याने सांगितलं की एक फिशआय लेन्स हवी आहे, महागडी नको, जुनी चालेल, समोरचंच नव्हे तर दोन्ही बाजूंचंही सगळं एका फोटोत ओढून घेणारी. शेवटी तो असंही म्हणाला की तूही चल बरोबर. गेल्या दहा वर्षांत त्याने तिला अशा कामाला बरोबर नेलं नव्हतं. पैसे खर्च करायचे म्हणून परवानगी मागतोय, असा तिने अर्थ काढला आणि आली.

पण आतून ती धुमसत होती. घर जळत असताना कुणी पडद्याचा रंग निवडायला बसावं तसं हे चाललं होतं. वर्षभरात त्याचे तीन ग्रुप फोटो बिघडले होते. पहिल्यात एका शाळेचा कारकून कडेला निम्माच आला, एक कान आणि अर्धी मिशी. तो त्याच महिन्यात निवृत्त होणार होता आणि फोटो त्याच्या निरोपाचा होता. दुसऱ्यात डावीकडच्या दोन मुली आल्याच नाहीत. तिसऱ्यात खेळाचे शिक्षक खांद्यापासून कापले गेले, आणि ती शाळा त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, सव्वीस वर्षांचं. कॉम्प्युटरवरचं काम सगळं तिच्याकडे असायचं. पुटकुळी काढायची, मिटलेला डोळा दुसऱ्या फोटोतून आणून उघडायचा, आभाळ निळं करायचं, हे सगळं तिला येत होतं. पण जो माणूस चौकटीत आलाच नाही त्याला ती कुठून आणणार?

त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने फोनवर आवाज न चढवता सांगितलं होतं की या शुक्रवारी शेवटच्या वर्गाचा फोटो तुम्हीच काढा, त्यानंतर मात्र बघू. बघू म्हणजे काय ते दोघांनाही कळलं होतं. ही शाळा गेली की मागोमाग बाकीच्याही जाणार होत्या. राहिले असते पासपोर्टचे फोटो, आणि तेही हल्ली लोक घरी भिंतीला पाठ लावून मोबाइलवर काढून घेतात. स्टुडिओचं दार उघडं ठेवायला काही कारणच उरलं नसतं.

"तुमचं लक्ष कुठे असतं?" असं तिने त्या दिवशी विचारलं होतं. त्यावर त्याने वाद घालावा, चिडावं, उन्हावर नाहीतर मुलांच्या दंग्यावर ढकलावं, अशी तिची अपेक्षा होती. तो नुसता "नसतं खरं," म्हणाला आणि कॅमेऱ्याची पिशवी आवरायला लागला. त्याने मान्य केलं हेच तिला जास्त लागलं.

कारण लक्ष नसण्याचा अनुभव तिलाही येत होता. जेवताना ती त्याच्या शेजारी बसायची, पाण्याचा पेला पुढे सरकवायची, आणि तो पेला तसाच राहायचा. मग तोच उठून दुसरा भरून आणायचा. काही दाखवायला हात पुढे केला तर तो सरळ पुढे निघून जायचा. दोन महिन्यांपूर्वी ताप भरला म्हणून ती स्टुडिओतल्या सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती. तो आला, तिच्या अंगाला जवळजवळ चिकटून पिशवी ठेवली, दिवा मालवला आणि आत निघून गेला. कसं वाटतंय, एवढंही विचारलं नाही. त्या दिवशी ती अंधारात थोडा वेळ रडली. मग छप्पन्नाव्या वर्षी असल्या गोष्टीसाठी रडणं तिला हास्यास्पद वाटलं आणि ती उठली. याबद्दल ती कुणाशी काही बोलली नव्हती. बोलून सांगायचं तरी काय, की नवरा माझ्याकडे बघत नाही?

दुकानात आतापर्यंत दोन वस्तू बाद झाल्या होत्या. पहिली लेन्स नवीकोरी, आपोआप फोकस करणारी. तिची किंमत ऐकल्यावर त्याने ती स्वतःच्या हाताने खोक्यात परत ठेवली. दुसरी तर लेन्सही नव्हती, साध्या लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायचं भिंग होतं. अगदीच स्वस्त, पण कडेला नुसता धुरळा. हे खेळणं आहे, तुम्ही घेऊ नका, असं दुकानदारानेच सांगितलं. त्याच्या स्वभावाला सोडून झालेली ही एकच गोष्ट होती. आता ही तिसरी, सगळी धातूची, फोकस हाताने करायची. वापरलेली होती पण काच स्वच्छ होती, आणि किंमत त्यांच्या आवाक्यातली.

त्याने ती आपल्या कॅमेऱ्यावर चढवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "जरा बाजूला जाऊन उभी राहा ना. त्या कपाटापाशी."

"कुठल्या?"

"डावीकडच्या."

ती गेली. कपाटात मोडके कॅमेरे होते, प्रत्येकाला किमतीची चिठ्ठी लावलेली. त्याने कॅमेरा समोर धरला. डोळ्याला न लावता हात लांब करून मागच्या स्क्रीनकडे पाहत राहिला. चष्म्याचा नंबर वाढला असणार, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात दुकानदाराने स्क्रीनमध्ये डोकावून तिला हात केला.

"आल्या की वहिनी. कडेला आल्यात, थोड्या केळ्यासारख्या झाल्यात, पण आल्यात."

"कुठे?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"ह्या काय. कोपऱ्यात."

त्याने स्क्रीन हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला निरखला, पुस्तकाची ओळ वाचावी तसा. मग "हो, हो," म्हणाला. पण ते त्याला पटलं नव्हतं, हे तिला चार हातांवरूनही कळलं.

"अजून काय आहे?" त्याने विचारलं.

दुकानदाराने सुस्कारा सोडला. आता त्यालाही कंटाळा आला होता. काउंटरखालचा खण ओढून त्याने खूप आतून एक राखाडी मोजा काढला. मोज्यात लेन्स होती. झाकण हरवलं म्हणून मोजा, असा खुलासा त्याने केला, आणि मोजा धुतलेला आहे, अशी हमीही दिली. पण ही तुमच्या कामाची नाही, तो सांगत राहिला. बाकीच्या फिशआय अख्खी चौकट भरतात, ही मधोमध नुसतं एक गोल चित्र देते. भोवती सगळं काळं. निम्मी चौकट फुकट. पोरंटोरं हौसेने घेतात आणि महिन्याभरात परत आणून देतात. हिच्या काचेवर एक ओरखडाही आहे. तीन वर्षं पडून आहे, म्हणून तर किंमत एवढी खाली आली.

"लावा तर," तो म्हणाला.

दुकानदाराने लेन्स बसवून दिली, अ‍ॅपर्चरचा आकडा आठवर ठेवला, आणि आता फोकसचं नाव काढू नका, हातभर अंतरापासून पुढे सगळं स्वच्छ दिसतं, असं सांगितलं. "फक्त पोट आत घ्या, मास्तर. हिच्यात तेही येतं."

तिला परत कपाटापाशी जायला सांगावं लागलं नाही. ती तिथेच कपाटाला टेकून उभी होती. त्याने कॅमेरा समोर धरला. यावेळी त्याची मान हलली नाही, डोळेही फिरले नाहीत. तो नुसता बघत राहिला, आणि त्याचे खांदे जरा खाली आले.

"चष्मा काढून डोळे का चोळतेयस?" तो म्हणाला. "दमलीस का?"

तिने चष्मा पुन्हा लावला. तो तिच्याकडे वळलेला नव्हता. त्याचं तोंड समोर दुकानदाराकडे होतं, आणि ती त्याच्या डाव्या हाताला, जवळजवळ त्याच्या कानाच्या रेषेत उभी होती. दमलीस का, हे त्याने तिला कधीपासून विचारलं नव्हतं ते तिला आठवेना.

"नाही," ती म्हणाली.

"पिशवी खाली ठेव मग. मघापासून धरून उभी आहेस."

तो स्क्रीनकडेच पाहत होता. हसत होता. "घड्याळ दिसतंय," तो दुकानदाराला सांगायला लागला, "दार दिसतंय, दाराबाहेरची सायकल, तुम्ही, तुमचा पंखा. आणि ही." पाहुण्यांना घर दाखवावं तसा तो एकेक वस्तू दाखवत होता. मग त्याने कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि दुकानदाराशी किमतीचं बोलायला लागला.

तिने पिशवी खाली ठेवली. मग ती हळूच दोन पावलं पुढे आली आणि तिने आपला हात त्याच्या चेहऱ्याच्या बाजूला, गालापासून वीतभर अंतरावर उभा धरला. बोटं हलवली. तो ओरखड्याबद्दल बोलत होता. तिने हात थोडा पुढे नेला आणि पुन्हा बोटं हलवली. तो बोलतच राहिला. हात जवळजवळ त्याच्या नाकासमोर आला तेव्हा कुठे तो दचकला आणि मागे सरला.

दुकानदार मधेच बोलायचा थांबला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग नजर खाली घेतली आणि मोज्याची घडी घालायला लागला.

"काय गं?" तिचा नवरा म्हणाला.

"काही नाही. माशी होती," ती म्हणाली. मग दुकानदाराला म्हणाली, "हीच द्या."

दुकानदाराने सांगितलेली किंमत स्वतःच आणखी थोडी कमी केली. घासाघीस न करता त्याने असं काही केलेलं बाजारात कुणी ऐकलं नसेल. खोकं नव्हतं म्हणून लेन्स पुन्हा मोज्यातच गेली.

बाहेर बसथांब्यावर एक बाक रिकामा होता. ती आधी बसली आणि तिने त्याला नेहमीसारखं आपल्या उजवीकडे बसवून घेतलं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तो मोजा मांडीवर घेऊन बसला होता. तिला राग आला होता. दीड तास उभं राहण्याचा नाही, बिघडलेल्या फोटोंचाही नाही. एवढी मोठी गोष्ट हा माणूस एकट्याने घेऊन हिंडत होता, आणि त्याने तिला सोफ्यावर बसून रडू दिलं होतं, याचा.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

कशाबद्दल, असं त्याने विचारलं नाही. एवढा तरी प्रामाणिकपणा त्याच्याकडे होता.

"दीड वर्ष झालं. आधी वाटलं, वय झालं. मग डॉक्टरकडे गेलो. डोळ्यात दाब वाढतो म्हणे. दिसणं कडेपासून जातं. मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला लवकर कळत नाही."

"आणि औषध?"

"थेंब आहेत. गेलेलं परत येत नाही, उरलंय ते टिकतं. टिकलं तर."

"कुठे आहेत थेंब? मी कधी पाहिले नाहीत."

"कॅमेऱ्याच्या पिशवीत. ब्रशच्या कप्प्यात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ती बारीक पांढरी बाटली तिला चांगली ठाऊक होती. लेन्स पुसायचं पाणी समजून तिने दोनदा त्यातले थेंब कापडावर घेऊन काचा पुसल्या होत्या. तसं तिने सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "बाटली पंधरा दिवस आधीच संपली. डॉक्टर रागावले, जास्त घालू नका म्हणाले."

तिला हसू आलं, आणि हसतानाच डोळे भरून आले. तिने रुमाल काढला. त्याला ते दिसत नव्हतं हे आता तिला माहीत होतं, म्हणून तिने लपवलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही कंटाळलात मला," ती म्हणाली.

तो गोंधळून तिच्याकडे वळला. तिचा चेहरा शोधायला त्याला क्षणभर वेळ लागला.

"तू डावीकडे बसतेस," तो म्हणाला. "डावीकडचं जास्त गेलंय."

मग त्याने सगळं सांगितलं. सोफ्यावरच्या त्या दिवसाची त्याला आठवणच नव्हती, कारण तिथे कुणी बसलं होतं हेच त्याला माहीत नव्हतं. हल्ली त्याला खोलीत माणसं शोधावी लागायची. एका वेळी एकच चेहरा, तो सापडला की बाकीचे गेले. ग्रुप फोटोत तो रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्याने चालत जायचा, पण दुसरं टोक येईपर्यंत पहिल्या टोकाला कोण होतं ते निसटायचं, आणि तेवढ्यात तिथलं माणूस अर्धं पाऊल सरकलेलं असायचं. मग एका मासिकात त्याने तसलं गोल चित्र पाहिलं. अख्खं सभागृह बशीएवढ्या गोलात. कुणीतरी सगळं जग गोळा करून त्याच्या उरलेल्या खिडकीत आणून ठेवलं होतं. त्या दिवसापासून त्याला तीच लेन्स हवी होती. क्रिएटिव्ह वगैरे म्हटलं, कारण दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही.

"शुक्रवारचा फोटो मी काढते," ती म्हणाली.

"तू?"

"तीस वर्षं फोटो छापायच्या आधी कडा मीच बघतेय. पासपोर्टचे फोटो कोण काढतं?"

"ते एका माणसाचे असतात."

"माणसं वाढली म्हणून बटण बदलत नाही."

बस आली, थांबली, गेली. दोघंही उठली नाहीत. हे सगळं शुक्रवारनंतर करू, असं त्याने एकदा म्हणून पाहिलं. शेवटचा एक तरी धड काढू दे, असंही म्हणाला. त्याच्या आवाजातली अजिजी तिला ऐकवेना. पण खेळाच्या शिक्षकांचा कापलेला खांदा तिने स्वतः स्क्रीनवर पाहिला होता, आणि नवऱ्याचा मुलाहिजा राखायचा तर पुढच्या फोटोत आणखी कुणाचा तरी चेहरा जाणार होता. ती नाही म्हणाली. दुसऱ्यांदाही नाही म्हणाली. मग म्हणाली, "रांगा तुम्ही लावा. ते मला जमणार नाही. पोरं माझं ऐकायची नाहीत."

त्याने मोज्यावरून हात फिरवला. हो म्हणाला नाही, पण पुढची बस आली तेव्हा तिच्या मागोमाग चढला. पायरीवर त्याने तिचं कोपर धरलं, आणि सीट मिळाल्यावरही सोडलं नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या मैदानावर चव्वेचाळीस मुलं आणि अकरा शिक्षक जमले. मागे लाकडी बाक, मधे उभी रांग, पुढे खुर्च्या. तिने ट्रायपॉड उभा केला तेव्हा मुख्याध्यापिकेच्या भुवया वर गेल्या. आज कॅमेऱ्यावर मी आहे, असं तिने सांगितलं. ओळंबा आहेत तोवर आम्हाला काळजी नाही, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि मग ते नाव त्याच्यासमोर तोंडातून गेल्याचं लक्षात येऊन जराशा ओशाळल्या.

तो गळ्यात दुसरा कॅमेरा अडकवून आला होता. पुढची फुगीर काच बघून मुलांमध्ये खसखस पिकली. तो प्रत्येक रांगेतून चालत गेला. एकेकाच्या खांद्याला बोट लावत मोठ्याने आकडा म्हणत होता, मधेच थांबून छातीवरच्या स्क्रीनकडे बघत होता. मग लांबूनच, मान वर न करता, सांगायचा की मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा, हाताची घडी सोड. मुलं चकित होऊन त्याच्याकडे बघायची. एका लांबटांग्या पोराला त्याने विचारलं की तू बाकावर उभा आहेस का, उतर, आणि तो म्हणाला की सर, मी जमिनीवरच आहे. सगळा वर्ग हसला, तोही हसला. हळूहळू रांगा सरळ झाल्या. इतक्या सरळ की ट्रायपॉडमागे उभं राहून तिला त्याचा हेवा वाटला. हे असं आपल्याला आयुष्यात जमलं नसतं, असं तिला वाटलं.

"झालं," तो म्हणाला. "घे आता."

तो रांगांसमोरून उजवीकडे निघून गेला आणि शेवटच्या मुलीपासून चार पावलांवर थांबला. तिथून तो आडवा वळला. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला ट्रायपॉडमागे ती.

तिने डोळा कॅमेऱ्याला लावला. आधी डावी कड बघितली. शेवटचा मुलगा पूर्ण, त्याच्यापुढे हातभर मोकळी जागा. मग पुढच्या खुर्च्या, सगळ्यांचे बूट. मग उजवी कड. शेवटची मुलगी पूर्ण. तिच्यापुढे मोकळी जागा. आणि त्या जागेत तिचा नवरा.

तो बाहेर आहे असं त्याला वाटत होतं. मान खाली घालून तो गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघत होता, दोन्ही हातांनी तो धरून. पूर्ण आला होता, डोक्यापासून बुटांपर्यंत. शर्टाची एक बाजू पँटबाहेर आली होती. स्टुडिओच्या कपाटांत तीस वर्षांचे ग्रुप फोटो होते, हजारो माणसं होती, आणि त्यातल्या एकातही तो नव्हता.

मुख्याध्यापिकेच्या ते लक्षात आलं होतं. त्या खुर्चीतून वळल्या. "मास्तर, तुम्ही जरा—"

"हलू नका कोणी," ती म्हणाली. एवढ्या मोठ्या आवाजात ती कधी कुणाशी बोलली नव्हती. मुख्याध्यापिका पुन्हा समोर बघायला लागल्या.

"सगळे दिसतायत?" त्याने खाली बघतच विचारलं.

"दिसतायत. तुम्हाला?"

"सगळे," तो म्हणाला. "तूही."

तिने बटण दाबलं.

मग ती त्याला माझ्याकडे या म्हणाली. तो आवाजाच्या रोखाने चालत आला, वाटेत कॅमेऱ्यात एकदा बघून. जवळ आल्यावर त्याने आवाज खाली आणून विचारलं, "मी आत होतो का?"

"होतात."

त्याचा चेहरा उतरला. मानेवर घाम होता. "मग तो गेला," तो म्हणाला. "दुसरा घे. मी इथेच थांबतो, तुझ्या मागे."

"शाळेसाठी घेते दुसरा," ती म्हणाली. "पहिला चांगला आलाय."

तिने त्याच्या शर्टाची बाहेर आलेली बाजू आत खोचली आणि डोळा पुन्हा कॅमेऱ्याला लावला.